जिंकलेला वाद परत घे, टेकराम

टेकराम, तू हरून गेलास हे मला मान्य नाही.

तू मरून गेलास, हे मानावंच लागलं. खांदा दिलाय मी, आणि दिसायला काडी असलास तरी वजनाला काही कमी नव्हतास. पण जाण्याआधी खाटेवर पडल्यापडल्या तू मला म्हणालास, "तू जितला बाप्पा," ते मी ठेवून घेणार नाही. एवढी वर्षं तुझ्याशी भांडलो ते जिंकायला भांडलो असं वाटलं तुला? मी नाटकातला माणूस आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, त्या हंगामात रात्रीच्या नाटकांत खलनायक करतो, उरलेल्या वर्षात धान पिकवतो. खलनायकाला शेवटी हरायचं असतं हे मला तोंडपाठ आहे. ते तुलाही माहीत होतं, आणि तरी तू शेवटचा अंक असा उलटा केलास.

आपला वाद सुरू झाला तोही माझ्या एका संवादावरून. नाटकात मी नायकाला दरडावायचो की तुझं अख्खं खानदान डायनोसॉरसारखं पृथ्वीवरून नाहीसं करीन. टाळ्या पडायच्या. सकाळी दाढी करायला बसलो होतो तर अंगणात एक लुकडा माणूस उभा. अर्जुनीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो म्हणाला. मला वाटलं, कौतुक करायला आला. मी वस्तरा बाजूला ठेवला, चेहऱ्यावरचा साबण तसाच ठेवून नम्र झालो.

"तुमचा डायलाग चूक आहे," तू म्हणालास.

"काऊन?"

"ते नाहीसे झाले नाहीत. तुमच्या कौलावर बसून राहिले."

मी वर पाहिलं. कौलावर चिमण्या होत्या. मी पुन्हा तुझ्याकडं पाहिलं आणि बायकोला हाक मारली की चहा दोन कप टाक, माणूस लवकर जाणारा दिसत नाही. तू त्या दिवशी जेवून गेलास.

डायनोसॉरांतल्या दोन पायांवर चालणाऱ्यांचं कूळ, थेरोपॉड, हे तुझं दैवत. पोकळ हाडं, तीन बोटांवर तोललेला देह, गळ्याशी जुळून आलेलं ते चिमट्यासारखं हाड, बहुतेक सगळे मांस खाणारे. तू मला त्यांची वंशावळ भाऊबंदकीच्या भाषेत समजावलीस, म्हणून ती माझ्या डोक्यात राहिली. एक पणजा धरायचा, तू म्हणायचास, आणि त्याची सगळी लेकरं, लेकरांची लेकरं घ्यायची. एकालाही वगळायचं नाही. याला म्हणायचं कूळ. मी विचारलं, लेकीची लेकरंही धरायची का? तू म्हणालास, धरायची. मग हे शास्त्र आपल्या पंचक्रोशीत चालणार नाही, असं मी जाहीर केलं. तुझ्या घरात आतून वहिनी हसली. दमयंती वहिनी आपला प्रत्येक वाद स्वयंपाकघरातून ऐकायची आणि कधीच कोणाची बाजू घ्यायची नाही.

तूच सांगितलंस की आधीच्या पंडितांनी जेवढे म्हणून आडदांड थेरोपॉड होते ते सगळे एकाच पोत्यात कोंबले होते. मोठा दिसला की टाक पोत्यात. पुढं हाडं नीट तपासली तेव्हा कळलं की सगळ्यात दांडगा, तो टायरॅनोसॉर, या पोत्यातला नाहीच. तो निघाला पिसंवाल्या बारक्यांचा भाऊबंद. म्हणजे त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या धिप्पाडांपेक्षा त्याला चिमणी जवळची. हे सांगताना तुझा आवाज असा चढायचा की जणू गावच्या पाटलाचं खरं घराणं तू शोधून काढलंस. मी म्हणायचो, पुढचा हंगाम तू कर नाटकात, मी कॉलेजात जातो.

आणि त्या अंडचोराची गोष्ट. ती तू मला दिलेली सगळ्यात मोठी भेट. अंड्यांच्या घरट्याजवळ एका थेरोपॉडाचा सांगाडा सापडला, तर शोधणाऱ्यांनी त्याचं नावच ठेवलं अंडी चोरणारा. कितीतरी वर्षांनी कळलं की त्या अंड्यांत त्याच्याच जातीची पिल्लं होती. त्याचे भाऊबंद तर घरट्यावर पंख पसरून, अंडी उबवत बसलेले सापडले. पण नाव एकदा लागलं की लागलं. बाप म्हणून मेला, चोर म्हणून ओळखला जातो. मी जन्मभर खलनायक केले, टेकराम, पण एवढा अन्याय झालेला खलनायक मला कोणत्याही लेखकाने लिहून दिला नाही. ही गोष्ट सांगून तू चुलीकडं पाहत राहिलास. तुला मूल नव्हतं. त्यावर आपण कधी बोललो नाही. तेवढा एक विषय सोडून आपण सगळ्यावर भांडलो.

माझा युक्तिवाद सोपा होता. तुझ्या आजाचा नातू तू आहेस. मग तुझा आजा जिवंत आहे का? असेल तर बोलाव, चहा टाकतो. पाखरं उरली म्हणून डायनोसॉर उरले म्हणणं म्हणजे गाव बुडालं, पण बुडण्याआधी एक पोरगी लग्न होऊन बाहेर गेली होती, म्हणून गाव शाबूत आहे असं म्हणणं. तू म्हणायचास, "तू माणसाबद्दल बोलून राहिला, मी कुळाबद्दल." मी म्हणायचो, "रडू माणसासाठी येते, कुळासाठी नाही." मग तू चिडून उठायचास आणि चप्पल उलटी घालून निघायचास.

दवनीवाड्याकडे मला सारस दाखवायला नेलंस तेव्हाही हेच. बांधावर उकिडवे बसलो होतो. पाण्याने भरलेल्या धानाच्या बांध्यांतून ते जोडपं चालत आलं. माणसाएवढं उंच, पाऊल उचलताना बोटं मिटायची, टेकताना उलगडायची. तू माझ्या कानात म्हणालास, ते पाऊल बघ फक्त, वर बघू नको. मी फक्त पाऊल पाहिलं आणि, आज कबूल करतो, अंगावर काटा आला. वर मान न करता मी तुला एवढंच म्हणालो की सारस छान आहे. तू उठून बांधावरून तरातरा पुढं निघालास.

मग आपली जबलपूरची वारी. आपल्या जिल्ह्यात एक दातसुद्धा सापडणार नाही हे तुझं कायमचं दुःख होतं. इथला दगड डायनोसॉरांपेक्षा फार जुना. तू म्हणायचास, हा दगड थिजला तेव्हा हाड नावाची वस्तूच जगात आली नव्हती. नशीब बघ, ज्या माणसाला हाडांचं वेड, त्याचा जन्म अशा मुलखात. पण गोंदियाहून गाडीत बसलं की बालाघाट, नैनपूर करत जबलपूर येतं, आणि तिथं छावणीजवळच्या टेकडीत इंग्रजांच्या काळात थेरोपॉडांची हाडं निघाली होती. आपले थेरोपॉड, तू म्हणायचास. अबेलिसॉर. जाड कवटीचे, आखूड तोंडाचे, दक्षिणेकडच्या जमिनींवर राज्य केलेले. त्यांनाही आधी त्याच मोठ्यांच्या पोत्यात टाकलं होतं, मग कितीतरी वर्षांनी त्यांचं स्वतःचं घराणं ठरलं.

टेकडीवर पोचलो तर काय होतं? घरं होती. दोरीवर वाळणारे कपडे होते. एक बाई गच्चीवरून आपल्याकडं बघत होती. दोन परके पुरुष जमिनीकडं बघत फिरतायत म्हटल्यावर तिने विचारलं, क्या ढूँढ रहे हो भैया? तू प्रामाणिक माणूस, तू म्हणालास, डायनासोर. ती म्हणाली, वो तो कब के चले गए.

मी तिथंच मातीत बसलो हसून हसून. म्हटलं, बघ, स्थानिक लोकही माझ्या बाजूने आहेत. तुझं तोंड असं उतरलं की मला तुझी दया आली, आणि दया आली की मी नाटक करतो. मी हात सदऱ्याच्या आत ओढले, बाह्या लोंबत सोडल्या, मान पुढं काढली, ढुंगण मागं, आणि टेकडीच्या उतारावरून अबेलिसॉर चालवत आणला. बाईच्या घरातले सगळे गच्चीवर आले. तू हसतोयस, डोळ्यांतून पाणी, आणि तरी मधूनच ओरडतोयस, "चूक. हात एवढेही लपवू नको. अन् जबलपूरवाल्याचे हात सापडलेच नाहीत, ते भाऊबंदावरून ठरवून राहिले." मी लगेच एक बोट बाहेर काढलं. तू म्हणालास, हं, आता चालंल.

माणूस पोटभर हसत असताना दुरुस्ती करू शकतो, हे मी फक्त तुझ्यात पाहिलं.

मग तुझं आजारपण आलं. त्याबद्दल मी लिहिणार नाही. तू स्वतःच म्हणायचास की मेलेल्या जनावराच्या रोगापेक्षा त्याची चाल अभ्यासावी. धानाची कापणी चालू होती, मी शेतातून तसाच तुझ्याकडं आलो. वहिनीने खाट ओसरीवर आणली होती, म्हणजे तुला तलाव दिसेल. तुझ्या पूर्वजांनी बांधलेला तलाव, त्याची पाळ, पाळीवरचं मोहाचं झाड, पाण्यावर बदकं. मी येताना वाद तयार करून आणला होता. खरंच, रस्त्याने येताना घोकत आलो होतो. म्हटलं, चिडला की जरा रंग येईल तोंडावर. मी बसलो आणि म्हणालो, काय सर, तुमचे डायनोसॉर पोहून राहिले का?

तू माझ्याकडं पाहिलंस. नेहमीसारखा उसळला नाहीस.

"पाखरं राहिली," तू म्हणालास. "पण ती कोणाची, पिसंवाल्या बारक्यांची. आपल्या जबलपूरवाल्यांचं पुढं कोणी झालं नाही. मी आपला दुसऱ्याची लेकरं आपली म्हणून मिरवून राहिलो."

"तसं नसते रे," मी म्हणालो. अख्ख्या आयुष्यात मी म्हटलेला सगळ्यात कच्चा संवाद.

"तसंच असते. तू जितला बाप्पा."

आणि मी, माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणाऱ्याने, विषय बदलला. मी तुला मंडईच्या गमती सांगितल्या. कोणत्या गावात नायकाची मिशी निघून आली, कोणत्या गावात नायिका रुसली. तू डोळे मिटून ऐकत होतास. मी त्यात दोन-तीन खोट्या घातल्या. तू एकदाही टोकलं नाहीस, तेव्हाच मी समजायला हवं होतं.

त्याच आठवड्यात तू गेलास.

दहाव्याला आम्ही सगळे पाळीवर जमलो. तुझा पुतण्या देवेंद्र राजनांदगावहून आला होता, त्याने सगळं मनापासून केलं, त्याला नावं ठेवू नको. पिंड ठेवला. मोहावर कावळे होते. आम्ही मागं सरकलो. कावळे बसून राहिले.

तुला ठाऊक आहे आपली पद्धत. कावळा शिवला नाही की मेलेल्याचं मन कशात तरी अडकलं म्हणायचं, आणि मग जो तो पुढं होऊन वचन देतो. देवेंद्र म्हणाला, काकूला अंतर देणार नाही. कावळे हलले नाहीत. तुझ्या शेजारचे म्हातारे पतिरामजी म्हणाले, तुझ्या परसातल्या बांबूच्या बेटाला कोणाला हात लावू देणार नाही. एका कावळ्याने चोच फांदीवर घासली. कोणी म्हणालं, कॉलेजचं काही राहिलं असेल. ऊन चढत गेलं. मला आतून एक दुष्ट हसू येत होतं, टेकराम, कारण मला तू दिसत होतास. आयुष्यभर ज्याने कावळ्याला थेरोपॉड म्हटलं, त्याची सुटका एका थेरोपॉडाच्या मर्जीवर अडलेली. तू असतास तर पिंड मांडणाऱ्या महाराजांना थांबवून पंधरा मिनिटं बोलला असतास.

वहिनी माझ्याजवळ आली.

"भाऊजी, तुम्ही म्हणा काही. तुमच्यातच अडकलं असन त्यायचं."

मी पुढं झालो. पदर धरून बायका बाजूला झाल्या. मी पाळीवर उभा राहिलो आणि चांगल्या भरलेल्या आवाजात म्हणालो, "टेकराम, डायनोसॉर संपले नाहीत. कावळा डायनोसॉर आहे. मी हरलो." लोक एकमेकांकडं पाहू लागले. महाराजांनी डोळे मिटले. एक कावळा उडाला. सगळ्यांच्या माना त्याच्यामागं वळल्या. तो अर्जुनीच्या दिशेने निघून गेला.

तेव्हा ती आली. पाळीखालच्या कोणाच्या तरी घरची तांबडी कोंबडी. कोणालाही न विचारता, माणसांच्या पायांतून वाट काढत, मान पुढंमागं करत ती थेट पिंडापाशी गेली आणि तिने चोच मारली. एक, दोन. देवेंद्र ओरडून धावला. मी त्याच्या आडवा गेलो.

मग मी जे केलं ते तुझ्यासाठी केलं, आणि माझ्याइतकं चांगलं कोणी करू शकलं नसतं. मी महाराजांना म्हणालो, थांबा, शिवला. मी सांगितलं की कावळा आणि कोंबडी एकाच कुळातले, एकाच पणज्याची लेकरं, आणि कुळात एकालाही वगळता येत नाही. मी त्यांना कोंबडीचं पाऊल दाखवलं, तीन बोटं पुढं. मी पोकळ हाडं सांगितली, गळ्याचं हाड सांगितलं, पिसं सांगितली, घरट्यावर मेलेला बाप सांगितला. पतिरामजी तोंड उघडं टाकून ऐकत होते. पोरीबाळींनी फोन काढले. मी तुझ्या बाजूने बोलत होतो, लेका. इतकी वर्षं मी खोडत आलो ते तुझं प्रत्येक वाक्य माझ्या तोंडून सरळ, ठणठणीत बाहेर पडत होतं, आणि मला कळत होतं की तू बरोबर होतास, आणि त्याचा आता काही उपयोग नाही.

शेवटी, टाळीच्या जागेवर येऊन, मी कोंबडीकडं हात केला आणि म्हणालो, "ही साधी नाही. जबलपूरच्या टेकडीत जो राजा निघाला, टेकराम सरांचा आपला अबेलिसॉर, त्याच्या पोटची ही. त्याचं पुढं झालं. ही त्याची नात आहे."

आणि थांबलो.

तू इथंच म्हणणार होतास ना, "चूक." इथंच तू उसळणार होतास, की नाटक्या, किती वेळा सांगू, ती फांदी वेगळी, पाखरं तिच्यातून आली नाहीत. मी पुरेसा वेळ थांबलो. नट जितका थांबू शकतो त्याहून जास्त थांबलो. पाळीवर वारा होता. लोकांनी हळूच मान हलवली, बरोबर आहे, बरोबर आहे, मोठे होते सर.

देवेंद्रच बोलला, अगदी मऊपणे. "काका, कोंबडी ते कोंबडी. डायनासोर तर कधीचेच गेले." महाराजही म्हणाले की मन समजू शकतो, पण कोंबडी चालत नाही. मला कोणाशी भांडावंसं वाटलं नाही. भांडायला समोर कोणी तरी लागतो. महाराजांनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. तुझं काम गवताने उरकलं. कोंबडीला कोणीतरी दगड मारून हाकललं, ती जाताना भाताचं एक शीत घेऊन गेली.

मंडळी उतरून घराकडं निघाली. मी बसलो होतो तिथंच बसलो. वहिनी मागं राहिली होती. भांडी पिशवीत भरता भरता, माझ्याकडं न बघता तिने विचारलं,

"भाऊजी, त्या जबलपूरवाल्याचं पुढं झालं म्हणाले तुम्ही. ते चूक होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

तिने पिशवीचं तोंड बांधलं.

"राहू द्या," ती म्हणाली.

तू राहू दिलं नसतंस, टेकराम.